अकरा महिने स्टिकवर, जुना टीव्ही अजून भिंतीवरच

गेल्या मे महिन्यात सोलापूरच्या नव्या पेठेत टीव्ही बघायला गेलो आणि तळहातावर मावेल एवढा डबा घेऊन परतलो. आमचा ४० इंची फुल एचडी टीव्ही २०१४चा. चित्र अजून झकास, फक्त स्मार्ट नाही. पोरगा ४३ इंचीसाठी हटून बसला होता. म्हटलं, आधी स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचून नेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी कांडी, लावून बघू, नाहीच जमलं तर दुकान कुठं पळून जातंय?

पहिले पंधरा दिवस डोक्याला ताप. वायर दिसायला नको म्हणून स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर लावली होती. सिनेमा ऐन रंगात आला की पडदा काळा आणि परत कंपनीचा लोगो. स्टिकमध्येच खोट आहे म्हणून दुकानात भांडायला निघालो होतो. मग कळलं, जुन्या टीव्हीचं यूएसबी जेमतेम अर्धा अँपिअर देतं आणि हिला एक लागतो. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला, तेव्हापासून हा त्रास नाही.

ऊन हे दुसरं दुखणं. टीव्हीची भिंत पश्चिमेची, आणि मेमधलं सोलापूर म्हणजे दुपारी चारला भिंतीवर पापड भाजावेत. टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक इतकी तापायची की चित्र अडखळायचं. डब्यात वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन असते, ती मी फालतू समजून कपाटात टाकली होती. ती लावून स्टिक हवेशीर बाहेर लोंबकळत ठेवली. दिसायला ओंगळ, पण यंदाचा एप्रिल बिनबोभाट चाललाय.

आईसाठी दोन रिमोट म्हणजे संकटच. सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केलं की स्टिकच्याच रिमोटनं टीव्हीही चालू-बंद होतो. गंमत म्हणजे हे नाव टीव्हीवर सापडतच नाही. सॅमसंगवर ते ‘एनीनेट प्लस’, एलजीवर ‘सिम्पलिंक’. माझा अख्खा रविवार त्या शोधात गेला. आता आई स्वतः मालिका लावते, आणि शेजारच्या पद्मशाली मावशी दुपारी येऊन तेलुगू सिनेमे लावतात, ते वेगळंच.

कुरकुर आहेच. साठवण ८ जीबी, त्यातली बरीचशी सिस्टिमच खाते, त्यामुळे नवं अॅप टाकायचं तर जुनं एखादं काढा. होमस्क्रीनवर जाहिराती. आवाज टीव्हीचाच, म्हणजे पत्र्याच्या डब्यातला. मेव्हण्यानं बाजारातला बिननावाचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स आणला, त्यावर वाइडवाइन एल-वन (अॅपना एचडी चित्र दाखवायला लागणारी कॉपी-सुरक्षेची वरची पातळी) नाही, म्हणून पैसे भरलेल्या अॅपवरही चित्र ४८०पीच्या वर चढत नाही. पैसे वाचवायला जाऊन तो फसला.

सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पोरानं परत विषय काढला. खरं सांगायचं तर मीही पाघळलो होतो. पॅनेलवर रेघा आल्या असत्या किंवा टीव्हीला एचडीएमआयच नसतं, तर घेतलाही असता.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला बार्शीची बहीण आली. तिचा टीव्ही २०१८चा, चांगला स्मार्ट. पण त्याला अपडेट येणं कधीच थांबलंय, दोन अॅप उघडत नाहीत, उरलेली उघडेपर्यंत चहा होतो. पॅनेल मात्र कालच आणल्यासारखं. आमच्याकडे दोन दिवस रिमोट हातात धरून बसली, आणि परत जाताना नव्या पेठेतून शेंगाचटणीबरोबर एक स्टिकही घेऊन गेली.