जॉर्ज हॅरिसनचा 'ब्रेनवॉश्ड' : आठ महिने घरात वाजल्यानंतर

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या या अल्बमची सीडी जुन्या मालातून घेतली. विकणाऱ्याने 'अगदी नव्यासारखी' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. हातात आली तेव्हा डबीची बिजागरी तुटलेली, आणि सातव्या गाण्यावर ओरखडा. सातवं गाणं म्हणजे 'स्टक इनसाइड अ क्लाउड'. ढगात अडकलेल्या माणसाचं गाणं नेमकं तिथेच अडकून तेच तेच बडबडायचं. दोन दिवस चिडचिड केली, मग चष्मा पुसायचं फडकं घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने पुसत बसले आणि ते सुटलं. पैसे परत मागायचे राहिले ते राहिलेच.

हॅरिसन गेला २९ नोव्हेंबर २००१ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये, कर्करोगाने. वय ५८. हा अल्बम आला नोव्हेंबर २००२ मध्ये, वर्षश्राद्धाच्या जेमतेम अकरा दिवस आधी म्हणा ना. त्याआधीचा त्याचा स्टुडिओ अल्बम 'क्लाउड नाइन' १९८७ चा, म्हणजे मध्ये पंधरा वर्षं गेली. अपुरं राहिलेलं काम मुलगा धनी आणि जुना साथीदार जेफ लिन यांनी पुरं केलं. काय कसं वाजवायचं, कुठे काय घालायचं नाही, याच्या सूचना बाप देऊन गेला होता. धनी हे नाव सप्तकातल्या ध आणि नी या सुरांवरून ठेवलेलं. आपल्याकडेही असलं नाव ठेवायचं कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही.

पहिले दोन महिने मी हा अल्बम चुकीच्या पद्धतीने ऐकला, हे आधी कबूल करते. सुतकातल्यासारखा. दिवे मंद करून, हेडफोन लावून, प्रत्येक ओळीत निरोप शोधत. 'एनी रोड'मध्ये रस्त्यांचा विषय निघाला की वाटायचं, बघा, निघालाय माणूस. 'रन सो फार' लागलं की घशात आवंढा. आणि असं ऐकलं की अल्बम चांगला वाटतो की नाही ते कळतच नाही, आपण किती हळवे आहोत तेवढंच कळतं.

मग एकदा गाण्यांची वयं बघितली आणि हसूच आलं. 'एनी रोड' १९८८ च्या सुमाराचं. १९९७ मध्ये रविशंकरांबरोबर टीव्हीवर गप्पा मारायला गेला असताना गिटारवर ते त्याने गाऊनही दाखवलं होतं. 'रन सो फार' गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९८९ मध्येच आपल्या अल्बमात घेतलेलं. 'रॉकिंग चेअर इन हवाई'ची मुळं तर १९७० च्या आसपासची, म्हणजे पोरगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा! आणि 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' तर त्याचं नव्हेच, ते १९३१ चं जुनं गाणं, यूकुलेली या छोट्या तंतुवाद्यावर खुशीत वाजवलेलं. मरणाच्या दारात बसून लिहिलेली बारा गाणी असं जे चित्र आपण मनात रंगवतो, ते या अल्बमला लागू पडत नाही. कपाटातून एकेक करून काढलेली, काही नवी काही जुनी, अशी ही गाणी आहेत.

खरं तर मरणाची थट्टा त्याने स्वतःच करून ठेवली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये, शेवटच्या आजारात, जूल्स हॉलंड या इंग्लिश पियानोवादकासाठी त्याने एक गाणं गायलं आणि त्याच्या प्रकाशक कंपनीचं नाव टाकलं 'आरआयपी लिमिटेड २००१'; आरआयपी म्हणजे थडग्यावर लिहितात ते 'रेस्ट इन पीस'. असल्या माणसापुढे आपण रडवेलं तोंड करून बसायचं म्हणजे त्याचाच अपमान. त्या दिवसापासून हेडफोन बंद केले आणि सीडी स्वयंपाकघराशेजारच्या जुन्या डेकवर आणली.

तिथे ती खरी उलगडली. कणीक मळताना 'एनी रोड' इतकं फिट्ट बसतं की काय सांगू. त्यातली ती छोट्या तंतुवाद्याची खडखडती लय हाताला आपोआप वेग देते. 'पायसीस फिश' हे आधी मला नुसतं संथ वाटलं होतं. इंग्लंडात टेम्सकाठच्या हेन्ली गावात त्याचं घर होतं, त्या नदीवरची रोजची साधी दृश्यं आहेत त्यात, आणि मग हळूच स्वतःच्या राशीवर येतो: दोन दिशांना तोंड केलेले मीन राशीचे मासे. त्याचा जन्म फेब्रुवारी १९४३ चा. आमच्याकडे मीन राशीचे दोघं आहेत, त्यामुळे हे गाणं घरात चेष्टेचा विषय झालंय. एकाला विचारा चहा की कॉफी, पंधरा मिनिटं थांबा.

आता 'मारवा ब्लूज'. सहावा क्रमांक. शब्द नाहीत, साडेतीन-पावणेचार मिनिटं नुसती स्लाइड गिटार. २००४ मध्ये याला ग्रॅमी मिळालं, पण ते सोडा. नाव बघून मी आपली वसंतराव देशपांड्यांचा मारवा राग कानात ठेवून बसले होते आणि साफ फसले. कोमल ऋषभाची ती जीवघेणी अस्वस्थता, षड्जाला चुकवत राहणं, पंचम वर्ज्य, यातलं काही इथे मोजायला जाऊ नका. कॉर्ड्सवर तोललेली पाश्चात्त्य रचना आहे ती, रागाचा हिशेब मांडायला बसलेली नाही. मग मारवा कुठे आहे? मला वाटतं, वेळेत आहे. संध्याकाळी साडेसहाला, खिडकीतून उजेड पिवळा होऊन ओसरत असताना लावा. आणि बोटांत आहे. हा माणूस १९६६ मध्ये मुंबईत ताजमध्ये उतरून रविशंकरांकडे सतार शिकला होता, १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला होता. सतार त्याने पुढे सोडली, आपल्याच्याने ती होणार नाही हे प्रामाणिकपणे ओळखून. पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, सोडली नाही. तारेवरून नळी सरकवताना तो सुरावर थेट उतरत नाही, खालून किंचित घासत येतो आणि पोचल्यावर कंपही अगदी बेताचा देतो. गिटारवर असा आवाज काढणारा दुसरा माणूस मी तरी ऐकलेला नाही.

तक्रारी आहेत. जेफ लिनची एक सवय आहे, सगळं इस्त्री करून ठेवायची. हॅरिसनला हा अल्बम फार गुळगुळीत नको होता, कच्चेपणा राहू द्यायचा होता, असं लिननेच सांगितलंय. बऱ्याच ठिकाणी त्याने तो राखलाही आहे, पण काही गाण्यांत ढोलाचा ठोका आणि मागच्या आवाजांचे थर ओळखीच्या साच्यातले येतात. 'नेव्हर गेट ओव्हर यू' मी आता सरळ पुढे ढकलते. गोड आहे, बास. 'पी२ व्हॅटिकन ब्लूज'मधली लहानपणच्या कॅथलिक संस्कारांची थट्टा पहिल्यांदा मजा देते, दहाव्यांदा शेजारच्या काकांचा तोच विनोद वाटतो. आवाजही काही ठिकाणी क्षीण आहे. पण ती मला तक्रार वाटत नाही, आजारी माणसाचा आवाज आजारीच असणार.

शेवटचं गाणं अल्बमच्याच नावाचं. सहा मिनिटांचं. शाळा, सैन्य, शेअर बाजार, संगणक, मोबाइल, उपग्रह, सगळे मिळून आपलं डोकं कसं धुतायत याची लांबलचक यादी. उपदेशाचा डोस आहे आणि थोडा जास्तच आहे. मधेच पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या पुस्तकातला उतारा वाचला जातो, विक्रम घोषचा तबला येतो, पुन्हा तो संताप. आणि मग सगळी वाद्यं मागे सरतात आणि बापलेक दोघं मिळून, खालच्या पट्टीत, संथपणे म्हणायला लागतात: नमः पार्वतीपतये.

मी हे पहिल्यांदा हेडफोन न लावता ऐकलं त्या दिवशी सासूबाई देवघरात वाती वळत होत्या. आतून खणखणीत आवाज आला, "हर हर महादेव!" कुणी सांगायला नको, विचारायला नको, सत्तर वर्षांची सवय. मी म्हटलं, "आई, ते गाणं लागलंय." त्या वाती तशाच हातात घेऊन बाहेर आल्या.

"कोण म्हणतंय?"

"बीटल्समधला जॉर्ज. आणि त्याचा मुलगा."

त्यांनी जरा वेळ कान दिला. "पतये म्हणतायत बघ. नमः म्हटलं की चतुर्थी लागते. आपण मेले पते, पते करून उरकतो." संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेल्या आहेत त्या, अशी संधी सोडत नाहीत. मग विचारलं, "मुलगा केवढा?" म्हटलं, तेव्हा तेविशीत होता. "आणि वडील?" सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मंत्र संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे हे गाणं बहुतेक तिन्हीसांजेलाच लागतं. आधीचा गडबडीचा भाग त्यांना आवडत नाही, तेवढा आवाज कमी करायचा असा करार आहे.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो इस्त्रीसाठी. पहिल्यांदाच हॅरिसन ऐकणार असाल तर इथून सुरुवात करू नका, १९७० चा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आधी पचवा. आणि शक्य असेल तर सीडी किंवा तबकडीच घ्या. एकदा डेक बिघडला म्हणून मी फोनवर लावलं होतं. मंत्राचा शेवटचा स्वर विरतोय न विरतोय तोच ॲपने स्वतःच्या मनाने कुठलंसं धांगडधिंग्याचं गाणं सुरू केलं. देवघरातून ओरड आली, "अगं, प्रसाद तरी वाटू दे!"