येलचा ‘लिसनिंग टू म्युझिक’ : २३ लेक्चर्स, आणि त्यांना आपल्या पेटीची जोड

येल विद्यापीठाने ‘ओपन येल कोर्सेस’ या मालिकेत वर्गातली लेक्चर्स सगळ्यांसाठी मोफत ठेवली आहेत. त्यातला प्रा. क्रेग राइट यांचा ‘लिसनिंग टू म्युझिक’ हा अभ्यासक्रम २००८ साली वर्गात चित्रित झाला. एकूण २३ लेक्चर्स, प्रत्येक साधारण पाऊण तासाचं. फी नाही, नोंदणी नाही. व्हिडिओ, नुसता ऑडिओ आणि शब्दशः लिखित प्रत, तिन्ही मिळतात. प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही पण संगीत मन लावून ऐकतो, अशा माणसासाठी आमच्या मते ही सर्वांत चांगली सुरुवात आहे. तरीही ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत यांवर तयार झालेला कान ओळीने लेक्चर्स पाहत गेला, तर सातव्यापाशी अडतो. तो का अडतो आणि कशाने सुटतो, ते मुख्यतः सांगायचं आहे.

दुसरं लेक्चर वाद्यांची ओळख करून देतं. फ्रेंच हॉर्न, बसून आणि व्हायोला वर्गात प्रत्यक्ष वाजतात, त्यामुळे त्यांचा आवाज चांगला लक्षात राहतो. ‘गाणं’ आणि ‘रचना’ यांतला फरकही तिथेच स्पष्ट होतो: शब्द असलेलं ते गाणं, नुसत्या वाद्यांचं ते नाही. आपल्याकडे सगळ्यालाच गाणं म्हणायची सवय आहे, आणि मग सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना, ऐकतानाही मन मुखडा शोधत बसतं.

तिसरं आणि चौथं लेक्चर तालाचं. दोनचा आणि तीनचा ठोका हाताने दाखवायला राइट शिकवतात. तबला ऐकणाऱ्याला हे अगदीच प्राथमिक वाटेल, पण ती दोन लेक्चर्स वगळू नयेत, कारण आपला कान इथे चुकीची गोष्ट शोधतो. त्याला सोळा मात्रांचं आवर्तन आणि त्याची सम हवी असते. इथे बार, म्हणजे मात्रांचा छोटा गट, दोन, तीन किंवा चार मात्रांचा असतो. त्याची पहिली मात्रा जड असली, तरी समेसारखं आगमन तिच्यावर होत नाही. ते वजन चार-चार बारांच्या वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून मोजायचं ते वाक्य. दुसरी गफलत वाद्यांची: टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे) म्हणजे तबला नव्हे. ती ठेका धरत नाही, मोक्याच्या जागी जोर देते. लय धरण्याचं काम बहुतेक वेळा चेलो आणि डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्यं करतात.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात या दृष्टीने तपासून पाहावी. ‘त-त-त-ताऽ’ हे चार स्वर सगळ्यांना माहीत असतात, पण बहुतेक जण पहिले तीन स्वर तिस्र जातीत मोजतात. मूळ रचनेत बार दोन मात्रांचा आहे, पहिली अर्धी मात्रा रिकामी आहे, आणि तीन छोटे स्वर उरलेल्या दीड मात्रेत बसतात. ती रिकामी अर्धी मात्रा हाताने दाखवली की पुढची सगळी धावपळ नीट मोजता येते.

पाचवं आणि सहावं लेक्चर मेलडीचं, म्हणजे स्वर आणि स्केल यांचं. इथे आपली तयारी कामी येते: मेजर स्केल म्हणजे बिलावल थाटाचे स्वर, नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाटाचे, आणि हार्मोनिक मायनर किरवाणीजवळचा. एवढी ओळख पुरे. स्केलमध्ये वादी-संवादी किंवा पकड शोधायला जाऊ नये; स्केल हा थाटासारखा नुसता साठा आहे. पियानोवरचा शुद्ध गंधार थोडा चढा वाटला तर कानाला दोष देऊ नये. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (एका सप्तकाचे १२०० सेंट) असतो, आणि समान अंतराने लावलेल्या पियानोवर तो ४०० सेंटवर असतो. हा फरक खराच आहे.

आता सातवं लेक्चर: कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, आणि ते कसे बनतात. राइट इथे छान शिकवतात, पण पियानो किंवा गिटार लहानपणापासून कानावर पडलेल्या विद्यार्थ्यांना धरून शिकवतात. आपण वरची सुरावट ऐकतो आणि खालचं सगळं साथ म्हणून सोडून देतो. त्यामुळे एकच स्वर वेगवेगळ्या कॉर्डमध्ये वेगळा अर्थ घेतो, हे व्हिडिओ पाहून समजतं पण ऐकू येत नाही. यावर उपाय असा: सातवं पाहिलं की आठवं मागे ठेवून सरळ चौदावं घ्यावं. ते एकच बेस, म्हणजे सर्वांत खालची सुरावट, पुन्हा पुन्हा वाजत राहणाऱ्या रचनांचं आहे आणि त्यात पाखेल्बेलचा कॅनन आहे. तो समोर ठेवून पेटी काढावी.

कॅनन डी मेजरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी दोन (‘सी’ ही पांढरी एक). बेसचे आठ स्वर असे: सा, मंद्र प, मंद्र ध, मंद्र ग, मंद्र म, मंद्र सा, मंद्र म, मंद्र प. दोन बारांची ही ओळ २८ वेळा येते. आधी ती नुसती गाऊन पाठ करावी. मग प्रत्येक स्वरावर त्याचा कॉर्ड एकदम दाबावा: सा-ग-प, प-नि-रे, ध-सा-ग, ग-प-नि, म-ध-सा, पुन्हा सा-ग-प, म-ध-सा, आणि शेवटी प-नि-रे. आता एक बोट षड्जावर धरून बाकीचे बदलत ऐका. सा-ग-प मध्ये षड्ज घरचा वाटतो, ध-सा-ग मध्ये उदास, म-ध-सा मध्ये मोकळा. स्वर तोच, खालची सोबत बदलली. ही जाणीव एकदा झाली की सातवं लेक्चर पुन्हा पाहावं. या वेळी ते वेगळंच ऐकू येतं.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, सवयीने तानपुऱ्याचं ॲप सुरू ठेवणं. प-नि-रे वाजत असताना षड्ज निषादाला घासतो आणि कॉर्डची ओढच मरते. दुसरी, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं. डबल बेसचा सर्वांत खालचा स्वर साधारण ४१ हर्ट्‌झचा असतो; एवढासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. हेडफोन अनिवार्य आहेत. तिसरी गोष्ट पेटी न जुळण्याची: जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवलेली बरोक (साधारण १६०० ते १७५०) संगीताची ध्वनिमुद्रणं बहुधा अर्धा स्वर खाली असतात, कारण त्यांचा ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्‌झला लावलेला असतो. अशा वेळी कॅनन काळी एकमध्ये ऐकू येईल. पेटी बिघडलेली नसते.

याच चौदाव्या लेक्चरमध्ये पर्सेल हा इंग्लिश रचनाकारही आहे. त्याच्या ‘डायडो अँड इनीअस’ ऑपेरातल्या शेवटच्या विलापाच्या बेसची सुरुवात अवश्य गाऊन पाहावी: सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत असे लागोपाठ उतरलेले रागसंगीतात सहसा आढळत नाहीत, म्हणून घशाला आधी अवघड जातं. ओळ पाच बारांची आहे आणि गायिकेची वाक्यं मुद्दाम तिच्या सांध्यावर संपत नाहीत. बेस संपतो तेव्हा गाणं अधांतरी असतं, आणि त्या विलापाचं दुःख आम्हाला तरी तिथेच सर्वांत जास्त लागतं.

नववं ते अकरावं हा अभ्यासक्रमाचा गाभा. सोनाटा-अलेग्रो, थीम अँड व्हेरिएशन्स (एकच सुरावट रूप बदलत पुन्हा पुन्हा), रोंडो (मूळ सुरावट मधूनमधून परत येते) हे रचनेचे साचे. व्हेरिएशन्स आपल्याला सहज जमतात: हायडनच्या ९४ व्या सिंफनीचा दुसरा भाग लावला की सुरावट ओळखत राहता येते. सोनाटा-अलेग्रो मात्र षड्ज हलवण्यावर उभा आहे. आपली मैफल संपेपर्यंत तानपुरा एकच षड्ज धरून असतो. इथे षड्ज जागा सोडतो, भटकतो आणि परत येतो, आणि त्या प्रवासालाच रचना म्हणतात. राइट भागांचा नकाशा उत्तम समजावतात. षड्ज हललेला कानाला कळावा कसा, याला मात्र आपल्यासारख्या श्रोत्यासाठी आणखी वेळ द्यायला हवा होता. ती उणीव मोझार्टच्या ‘आइन क्लाइन नाख्टमुझिक’च्या पहिल्या भागावर भरून काढता येते.

ही १७८७ ची रचना जी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी पाच. सुरुवातीचं वाक्य सा, प सा, प सा प सा ग प. लगेच उत्तर म, रे म, रे म रे नि रे प. पहिलं वाक्य म्हणजे सा-ग-प हा कॉर्ड सुटा करून वाजवलेला, दुसरं म्हणजे प-नि-रे-म. इथून पांढरी पाचचा षड्ज तोंडाने गुणगुणत धरून ठेवावा. थोड्या वेळात तीव्र मध्यम कानावर येऊ लागेल. मेजर रचनेत तीव्र मध्यम पुन्हा पुन्हा आला की समजावं, पंचम आता षड्ज होणार आहे, कारण तो तीव्र मध्यम नव्या षड्जाचा शुद्ध निषाद असतो. पाऊण मिनिटाच्या आसपास वाद्यं थांबतात आणि हळू आवाजात दुसरी सुरावट सुरू होते. आता आपण धरलेला सा मध्यमासारखा, न टेकलेला वाटेल. षड्ज हलला तो असा.

हा एक्स्पोझिशन, म्हणजे मांडणी, ५५ बारांची. बहुतेक वादक ती पूर्ण दोनदा वाजवतात. नवख्या श्रोत्याला वाटतं की रचना संपून परत सुरू झाली, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे आपल्या ध्वनिमुद्रणात ही पुनरावृत्ती आहे का, हे आधी पाहून घ्यावं. त्यानंतरचा डेव्हलपमेंटचा, म्हणजे विस्ताराचा, भाग इथे जेमतेम २० बारांचा आहे, म्हणून शिकायला सोयीचा. मग मूळ सुरुवात परत येते, आणि या खेपेला दुसरी सुरावटही मूळ षड्जावरच वाजते. पहिल्या वेळी मध्यमासारखा अधांतरी वाटलेला तोच गुणगुणलेला सा आता घट्ट बसतो. हे एकदा अनुभवलं की सोनाटा-अलेग्रोची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

तेराव्यातल्या फ्यूगसाठी (एकच सुरावट, म्हणजे ‘विषय’, अनेक आवाज एकामागून एक घेतात अशी रचना) बाखची जी मायनरमधली चार आवाजांची छोटी ऑर्गन फ्यूग सरावाला घ्यावी. विषयाचं डोकं सा, प, कोमल ग, रे, सा. चार आवाज वरून खाली एकेक करून येतात. दुसरा पंचमावरून विषय घेतो आणि चौथा पायाने वाजवायच्या पट्ट्यांवर येतो. चारही एकदम ऐकण्याचा अट्टाहास करू नये. दर वेळी ते डोकं कुठे उगवलं एवढंच शोधावं.

पंधराव्यापासून पुढे इतिहास आहे आणि तो भराभर पाहता येतो. राइट मूळचे मध्ययुगीन संगीताचे अभ्यासक, त्यामुळे पंधरावं, बेनेडिक्टाइन मठांतल्या पठणावरचं, खास झालं आहे. एकाच सुरावटीचं आणि मीटर (ठरलेला ठोका) नसलेलं ते संगीत आपल्याला लगेच आपलंसं वाटतं. मोझार्टच्या ऑपेराचं सतरावं आणि भव्य सिंफनीचं विसावंही चुकवू नये. मागे ठेवलेलं आठवं ब्लूज आणि रॉकच्या बेसचं आहे. तिथल्या गाण्यांची ओळख नसेल तर ते शेवटी पाहिलं तरी चालेल.

उणिवा सांगायलाच हव्यात. स्ट्रिंग क्वार्टेटला (चार तंतुवाद्यांच्या रचनेला) किंवा हायडनला स्वतंत्र लेक्चर नाही, ही खरी पोकळी आहे. वर्गात ऐकवलेले तुकडे छोटे असतात. पूर्ण रचना आपली आपण शोधून ऐकावी लागते. राइट यांचं त्याच नावाचं पाठ्यपुस्तक वर्गात गृहीत धरलेलं आहे, ते मोफत मिळत नाही. बोलणं अमेरिकन आणि वेगवान आहे, म्हणून लिखित प्रत शेजारी उघडी ठेवावी. प्रश्नसंच सोडवत शिकायला आवडत असेल तर कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर राइट यांचाच ‘इंट्रोडक्शन टू क्लासिकल म्युझिक’ आहे. नोटेशन वाचायला शिकायचं असेल तर मात्र यातलं काहीच पुरणार नाही. त्यासाठी शिक्षक हवा. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबई-पुण्यात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक मिळतात.

आठवड्याला दोन लेक्चर्स हा वेग योग्य. सातवं, चौदावं आणि नववं दोनदा धरली तरी तीन-सव्वातीन महिन्यांत सगळं होतं. अकरावं झालं की एकदा प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकावा. मुंबईत २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात वाजवतो. भागांच्या मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून एकूण भाग किती ते कार्यक्रमपत्रिकेत आधी मोजून ठेवावं. रचनेच्या नावातली ‘की’ (मूळ षड्जाची पट्टी, जसं ‘जी मेजर’) सुद्धा तिथेच वाचावी आणि षड्ज कुठे जाणार याचा अंदाज बांधावा: त्या काळच्या रचना मेजरमध्ये असतील तर बहुधा पंचमावर जातात, मायनरमध्ये असतील तर कोमल गंधारावर. पत्रिकेत ‘सिंफनी क्रमांक ५, सी मायनर’ असेल तर षड्ज पांढरी एक, आणि पहिल्या भागातली दुसरी सुरावट काळी दोनवर येणार. ती येण्याच्या अगदी आधी सगळी वाद्यं थांबतात आणि हॉर्न एकटे वाजतात.