स्किल चेकसाठी डी२० घ्यावा, ३डी६ घ्यावेत की आठवण ठेवणारा फासा?

कुलूप उघडायचंय, पहारेकऱ्याला थाप मारायचीय, ओली भिंत चढायचीय. गेममध्ये अशा प्रत्येक ठिकाणी स्किल चेक होतो, म्हणजे पात्राचं कौशल्य पुरतं का हे ठरवायला कोडची एक ओळ रँडम आकडा काढते. ती लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत, म्हणून बरेच जण डी२०, म्हणजे वीसमुखी फासा, टाकून मोकळे होतात. पण खेळाडूने दहा-दहा तास घालवून घडवलेल्या पात्राला त्या मेहनतीचं फळ मिळणार की नाही, हे त्याच ओळीत ठरतं. म्हणून फासा निवडण्याआधी एवढंच ठरवा: कौशल्य दोनने वाढलं तर खेळाडूला किती फरक जाणवायला हवा?

डी२० सपाट आहे. वीसपैकी प्रत्येक मुखाची शक्यता ५ टक्के, त्यामुळे +१ बोनस (कौशल्यामुळे दानात मिळवला जाणारा आकडा) म्हणजे सरळ ५ टक्के. हिशेब तोंडी होतो, पडद्यावर टक्केवारी दाखवणं सोपं जातं. ३डी६ मध्ये तीन सहामुखी फाशांची बेरीज घेतो. एकूण २१६ जुळण्या होतात. त्यांतल्या २७ मध्ये बेरीज १० आणि आणखी २७ मध्ये ११ येते, पण १८ चं दान फक्त एकाच जुळणीत पडतं. म्हणजे बहुतेक दानं मध्याजवळ पडतात. दोन्हींत ११ किंवा जास्त हवं असं धरलं, तर यशाची शक्यता अशी:

| बोनस | डी२० | ३डी६ |
|---|---|---|
| −४ | ३०% | ९.३% |
| ० | ५०% | ५०% |
| +२ | ६०% | ७४.१% |
| +४ | ७०% | ९०.७% |

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. डी२० वर +४ चा निष्णात चोर दहापैकी तीनदा हात हलवत परततो आणि −४ चा अडाणी शिपाई दहापैकी तीनदा तेच कुलूप उघडतो. ३डी६ वर चोर चोरासारखा वागतो. पात्राची घडण हा तुमच्या गेमचा गाभा असेल तर मी बिनदिक्कत ३डी६ घ्यायला सांगेन. अनपेक्षित वळणं हवी असतील, दुबळ्यालाही कधीतरी मोठा डाव साधू द्यायचा असेल, तर डी२०.

३डी६ ची किंमतही मोजावी लागते. मध्याजवळ +१ ची किंमत १२.५ टक्के, तर टोकाला जेमतेम दीड टक्का. बोनस साठत जाऊन +६ झाला की यश ९८ टक्क्यांवर जातं, मग फासा टाकण्यात राम उरत नाही. तेव्हा बोनसवर मर्यादा आधीच घाला, नंतर घालायला गेलात तर सगळ्या चेकचे आकडे पुन्हा बसवावे लागतील.

मधला मार्ग २डी६ चा. डिस्को एलिझियम (२०१९) यानेच चालतो: दोन सहा पडले तर हमखास यश, दोन एक पडले तर हमखास अपयश, आणि या दोन्हींची शक्यता प्रत्येकी २.८ टक्के. त्यातले पांढरे चेक फसले तर कौशल्य वाढल्यावर पुन्हा खुले होतात, लाल चेकला मात्र एकच संधी. अपयशानंतरचा प्रसंगही मन लावून लिहिणार असाल तर ही रचना फार सुंदर बसते.

आता आठवणीचा प्रश्न. ७५ टक्के यशाच्या चेकमध्ये लागोपाठ तीनदा अपयश येण्याची शक्यता ६४ मध्ये १. तुमच्या गेममध्ये असे २०० चेक असतील तर प्रत्येक खेळाडूला हे सरासरी तीनदा भोगावं लागेल, आणि फासा बिघडलाय असंच त्याला वाटेल. यावर एक इलाज म्हणजे मागची दानं लक्षात ठेवणारा फासा. वॉरक्राफ्ट ३ आणि डोटा २ या गेममध्ये २५ टक्के शक्यता सांगितलेला वार पहिल्या प्रयत्नाला साधारण ८.५ टक्क्यांनी लागतो. हुकला की १७, मग २५.५, अशी शक्यता चढते आणि वार लागला की पुन्हा ८.५ वर येते. मिनिटाला वीस वार होतात तिथे हे उत्तम चालतं. स्किल चेकसाठी मात्र मी ते घेणार नाही. तासाभरात पाच-सहाच चेक होतात, आणि चाणाक्ष खेळाडू फालतू पेट्यांवर अपयशं उरकून घेतो नि मग मुख्य दाराकडे वळतो. वीस आकडे पिशवीत घालून पिसणं आणि एकेक काढणं यातही तीच खोट आहे, कारण उरलेले आकडे मोजता येतात.

दुसरा इलाज आकडा वाकवण्याचा. फायर एम्ब्लेम मालिकेतल्या २००२ च्या गेमपासून नेम लागला का हे ठरवायला दोन रँडम आकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत आली. पडद्यावर ७५ टक्के दिसतं तेव्हा खरी शक्यता ८८ च्या आसपास असते आणि २५ दिसतं तेव्हा १३ च्या आसपास. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये लागोपाठच्या अपयशांना आवर घालणारे 'कार्मिक डाइस' आहेत, ते सेटिंगमधून बंद करता येतात. ही सोय मला मनापासून आवडते. पण संवादातल्या चेकला हात घालायचा की नाही हे खेळाडू पडद्यावरच्या आकड्यावरून ठरवतो, तिथे खोटा आकडा दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय दोन आकड्यांची सरासरी म्हणजे दोन फाशांची बेरीजच की! जो दिलासा तिथे लपून मिळतो, तो २डी६ किंवा ३डी६ उघडपणे देतात.

सेव्ह लोड करून पुन्हापुन्हा फासा टाकणाऱ्यांचं काय? दर वेळी नवा आकडा काढलात तर ते टाकतच राहतील. रँडम आकडे काढणाऱ्या जनरेटरची स्थिती सेव्हमध्ये ठेवलीत तर ते मध्ये दुसरा एखादा चेक करून क्रम पुढे सरकवतील. खेळाचा सीड (सुरुवातीला ठरलेला मूळ आकडा), चेकचा क्रमांक आणि कितवा प्रयत्न, या तिन्हींच्या हॅशमधून, म्हणजे त्यांना घुसळून दर वेळी तोच निघणाऱ्या आकड्यातून, दान काढा. मग त्या प्रयत्नाचं दान कायम राहतं, आणि लोड केल्यावर निकाल बदलायचा तर वेगळ्या तयारीनेच यावं लागतं.

कोड लिहिताना बाकी घेण्याच्या ऑपरेटरमुळे येणाऱ्या पक्षपाताची फार चिंता करू नका. ० ते ३२७६७ मधला आकडा २० ने भागून बाकी घेतली तर आठ मुखं प्रत्येकी १६३९ वेळा येतात आणि उरलेली बारा १६३८ वेळा. खेळाडूला हे कधीच कळणार नाही. खरा घात सीमेवर होतो. युनिटी या गेम इंजिनच्या रँडम रेंजला पूर्णांक दिले तर वरची सीमा धरली जात नाही, पायथन भाषेच्या रँडिंटमध्ये ती धरली जाते. पायथनमध्ये तपासलेला हिशेब मी युनिटीत १ आणि २० असा जसाच्या तसा उतरवला, आणि तीन आठवडे माझ्या गेममध्ये २० पडलाच नाही. हमखास यशाचा खास प्रसंग लिहून तयार होता, तो चाचणी करणाऱ्या कुणालाच दिसला नाही. आता कुठलाही फासा लिहिला की मी आधी तो लाखभर वेळा टाकतो आणि प्रत्येक मुख किती वेळा आलं ते छापतो. डी२० असेल तर प्रत्येक ओळीत ५००० च्या आसपास आकडा हवा, शे-दीडशे इकडेतिकडे चालतात. तेव्हा हे केलं असतं तर २० ची ओळ रिकामी आहे हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं असतं.