रानगुलाब: पानांचा अर्क की बियांचं तेल?

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या उन्हात तोंडाला तेल कोण चोपडणार? तेव्हा पानांचा अर्क घातलेलं टोनर किंवा जेल बरं. पानांत टॅनिन असतात, ती तुरट. लावल्यावर त्वचा किंचित आवळल्यासारखी होते, तेलकटपणा कमी जाणवतो. पण बाटलीत अर्क किती, हे लेबलावरच बघावं लागतं. घटक साधारण उतरत्या क्रमाने छापतात. ‘रोझा कनाइना लीफ एक्स्ट्रॅक्ट’ (म्हणजे रानगुलाबाच्या पानांचा अर्क) सुगंधाच्याही खाली, पार शेवटी दिसलं, तर पैसे नावाचेच मोजताय असं समजा. (हे झुडूप मूळचं युरोप-पश्चिम आशियाचं, सातपुड्यात शोधत फिरू नका.)

बियांचं तेल, म्हणजे रोझहिप ऑइल, थंडीतलं काम. डिसेंबरात धुळे-नंदुरबारकडे गाल उलायला लागले की ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन थेंब पुरतात. त्यात लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्धाम्ल) भरपूर असतं, त्याने कोरडेपणा कमी होतो. दुकानदार ‘व्हिटॅमिन सी आहे’ म्हणेल. ते फळाच्या गरात असतं, पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही. शिवाय हे तेल लवकर खवट होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच. गडद काचेची लहान बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की टाकून द्या.

माझं मत विचाराल तर तेल जास्त खात्रीचं, अर्क ऋतूपुरता. सनस्क्रीनचं काम दोन्ही करत नाहीत. आणि खाज-पुरळ येते का ते बघायला आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.