लायपोनंतरचं गारमेंट ऑनलाईन घेताय? आधी माझे ५३,६३७ रुपये कसे गेले ते वाचा

आधीच सांगते, ज्यांना "कशाला करायचं असलं ऑपरेशन" असं म्हणायचंय त्यांनी मनात म्हणून घ्या आणि पुढे जा. ते माझ्या नणंदेने, बँकेतल्या माणसाने आणि पोलिस स्टेशनातल्या हवालदाराने ऑलरेडी म्हणून झालंय. पोटाचं आणि कमरेचं लायपो, म्हणजे चरबी ओढून काढायचं ऑपरेशन केलं, स्वतःच्या क्लासच्या पैशांनी केलं, १,३५,००० रुपये. मेडिक्लेममधून दमडी मिळत नाही, कॉस्मेटिक म्हणतात. आणि सासूबाईंना सांगितलं की हर्नियाचं ऑपरेशन आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण मला फसवणाऱ्यांचं अर्धं काम त्यानेच करून दिलं.

ज्यांचं झालंय त्यांना माहितीये, ऑपरेशन सोपं, नंतरचं अवघड. चरबी ओढायच्या आधी आत पाणी भरतात, ते उरलेलं पाणी पहिले दोन दिवस त्या बारीक भोकांतून गळत राहतं, फिकट लाल. गादीवर मेणकापड टाका, बाळंतपणातले मोठे पॅड आणून ठेवा, मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या रात्रीच गादी गेली. थिएटरमध्येच एक गारमेंट, म्हणजे ऑपरेशनच्या जागेवर दाब देणारा घट्ट कपडा, चढवून देतात. डॉक्टरांनी सांगितलं तीन आठवडे चोवीस तास, आंघोळीपुरतं काढायचं, मग पुढचे तीन आठवडे दिवसाचे बारा तास. आता एकच गारमेंट, त्यात ते भिजलेलं, धुतलं तर वाळायला सहा तास, मग माणसाने घालायचं काय? दुसरं पाहिजेच. हॉस्पिटलच्या काउंटरला विचारलं, ६,८०० रुपये. एका नगाचे!

मला वाटलं लुटतायत. हॉस्पिटलवाले कट घेतात हे कोणाला माहीत नाही? त्यात चौथ्या दिवशी सूज अशी चढली की ऑपरेशनच्या आधीपेक्षा पोट मोठं दिसायला लागलं, आणि काळंनिळं सगळं खाली उतरत गेलं, मांड्यांवर, अगदी नाजूक जागीसुद्धा सूज. हेही कोणी सांगत नाही, बायकांनो घाबरू नका, ते खाली उतरतंच. पण मी घाबरले. रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन बसले आणि रील्समध्ये ते पेज आलं. "मेडिकल ग्रेड पोस्ट लायपो गारमेंट, सूज ७ दिवसांत गायब". एक नग ३,४९९. पांढरा कोट घातलेली बाई, बिफोर-आफ्टरचे फोटो. त्या फोटोंत दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी तीळ होता. मला दिसला होता तो तीळ. बघून मी काय विचार केला असेल, तर "अरे वा, तीळ तसाच राहतो म्हणजे चट्टे पडत नाहीत". पेनकिलरवर होते हो मी.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, पलीकडून "हाय डिअर, वजन किती?" ६८ किलो. "ओके एक्सएल". संपलं. आता बघा, खरं गारमेंट विकणारा तुम्हाला वजन विचारून सोडत नाही, तो कंबर, नितंब, मांडी, छातीखालचं माप टेपने घ्यायला लावतो, कुठे कुठे ओढलंय ते विचारतो, कितवा दिवस ते विचारतो, कारण सुजलेल्या आठवड्याचं गारमेंट वेगळं आणि सूज उतरल्यावरचं घट्ट वेगळं. नुसत्या वजनावर साईज देणारा माणूस लेगिंग्ज विकतो. हे मला आज कळतंय.

दोन नग ६,९९८, प्रीपेडवर ४९९ सूट म्हणून ६,४९९, आणि आत ठेवायच्या फोमच्या शीट ८९९. एकूण ७,३९८. कॅश ऑन डिलिव्हरी आहे का विचारलं तर "डिअर, हायजीन प्रॉडक्ट आहे, सीओडी नाही". पटलं मला. क्यूआर पाठवला. स्कॅन केला.

आणि इथे मी थांबायला हवं होतं. स्कॅन केल्यावर वर नाव आलं, ते एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. स्पष्ट. मोबाईल रिपेअरिंग. मी स्क्रीनकडे बघत बसले, अंगठा वर धरून, चांगला मिनिटभर असेल. शेजारी नवरा झोपलेला, त्याला एक हाक मारली असती तर तो उठून म्हणाला असता वेडी आहेस का. पण त्याला उठवायचं म्हणजे तो आधी विचारणार की ६,८०० चं का नाही घेतलं, १,३५,००० घालवताना विचार केला नाहीस आणि आता कंजुषी. म्हणून नाही उठवलं. त्या माणसालाच विचारलं, हे नाव असं का? तर "मॅम, अकाउंट्स डिपार्टमेंटचा क्यूआर आहे". आणि मी, जी अकरावी-बारावीच्या पोरांना अकाउंट्स शिकवते, नावे-जमा घोकून घेते, ती मी पिन टाकला. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो.

पार्सल नवव्या दिवशी आलं. बाहेर लिहिलेलं "लेडीज लेगिंग्ज २ नग". आत रस्त्यावर ढिगात ३०० ला मिळतो तसला पोट आवळायचा पातळ, चकचकीत प्रकार. साईडला ना हुक ना चेन, म्हणजे सुजलेल्या अंगावरून पायातून वर खेचत आणायचं. खऱ्या गारमेंटला संडास-लघवीसाठी खाली उघडं ठेवलेलं असतं, ह्याला ते नाही, म्हणजे दरवेळी पूर्ण खाली, पूर्ण वर. फोमच्या शीट म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा स्पंज.

तरी घातलं! कारण पहिलं ओलं होतं आणि पैसे गेले होते. दोन दिवस घातलं. वरची पट्टी बसलं की दोरीसारखी गुंडाळायची आणि बेंबीच्या वर रुतायची, काढलं की तिथे बोट बसेल एवढी खाच. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गारमेंटचं काम सगळीकडे सारखा दाब देणं, एका जागी आवळलं आणि खाली सैल राहिलं की पाणी सैल जागी साठतं. तेच झालं. खाली ओटीपोटावर दाबलं की डुबुक डुबुक हलायचं, पाण्याची पिशवी असल्यासारखं. सेरोमा म्हणतात. सिरिंजने काढलं, पहिल्यांदा ८५ मिली, चार दिवसांनी परत ४० मिली, दर खेपेला १,२०० रुपये, आणि डॉक्टरांची बोलणी फुकट. शेवटी ६,८०० चं घेतलंच. ते खालच्या हिशोबात धरलेलंच नाही.

जाता जाता, एका पायाची पोटरी सुजली, कडक झाली, दुखायला लागली किंवा दम लागला किंवा ताप आला तर गारमेंटला दोष देत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रक्ताची गुठळी किंवा इन्फेक्शन असू शकतं. आणि पहिल्यांदा गारमेंट काढून आंघोळीला जाताना स्टूल घ्या आणि कोणीतरी दाराशी उभं ठेवा, दाब एकदम सुटला की चक्कर येते, मी नळाला धरून बसले होते.

आता दुसरा अंक. पेजवर चिडून मेसेज केला. "सॉरी डिअर, राँग डिस्पॅच, एक्स्चेंज करतो, पिकअप चार्ज १,२५०, तो पण रिफंडेबल". भरले. हो, भरले, हसा. पिकअपला कोणी आलं नाही. चार दिवसांनी फोन, गोड आवाज, शुद्ध मराठी बोलणारा मुलगा, "मॅडम तुमचे ८,६४८ रिफंड प्रोसेसला आहेत". आकडा अगदी बरोबर सांगितला म्हणून मी विश्वास ठेवला. आता विचार करते, आकडा त्याला माहीत असणारच, त्यानेच तर घेतले होते. म्हणाला यूपीआय उघडा, मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, आणि अमाउंटच्या जागी तुमचा रिफंड कोड टाका, २४९९०. मी म्हटलं हे पैसे वाटतायत. "नाही मॅडम, मध्ये कॉमा नाही ना, तो कोड आहे." पिन टाकला. गेले. मी ओरडले, तर तोही घाबरल्याचं नाटक, "अरे बापरे सर्व्हर एरर, लगेच रिव्हर्स कोड टाका १९९९९ नाहीतर लॉक होतील". आणि तेही टाकले. ४४,९८९ चार मिनिटांत.

पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. कधीच नाही. मला हे माहीत होतं! व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज मी स्वतः तीन ग्रुपवर फॉरवर्ड केलेला आहे. पण दारात सासूबाई उभ्या होत्या आणि विचारत होत्या कोणाचा फोन आहे गं, आणि मला तो फोन लवकर संपवायचा होता. बस एवढंच कारण आहे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करा, लाजत बसू नका, मी तीन तास रडण्यात घालवले. तक्रार नंबर मिळाला आणि पुढच्या एका खात्यात ६,२१५ रुपये अडकवून ठेवले गेले. बाकीचे तोपर्यंत पुढे गेले होते.

बँकेत गेले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर छापून नेलं होतं, तीन वर्किंग डेजमध्ये कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं सगळे सांगतात. तिथल्या साहेबाने चष्मा खाली करून त्याच सर्क्युलरमधलं दुसरं कलम दाखवलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, ग्राहकाचा निष्काळजीपणा, नुकसान तुमचं. म्हणजे अर्धवट फॉरवर्ड वाचून बँकेत जाऊ नका, पूर्ण वाचा. बरं, अडकलेले ६,२१५ तरी द्या. तर म्हणे कोर्टाची ऑर्डर आणा. सहा हजारासाठी कोर्ट! वकील ५,००० मागतोय.

पोलिस स्टेशन. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी हवालदाराने लिहून घेतलं. "वस्तू काय?" कॉम्प्रेशन गारमेंट. "म्हणजे?" ऑपरेशननंतर घालतात. "कसलं ऑपरेशन?" मी हळू आवाजात सांगितलं. तो मोठ्याने, "चरबी काढायचं?" बाकावरचे चार जण वळले. "ताई, सकाळी चालायला जायचं की, दीड लाख वाचले असते." पोटाला आत खाच, वर ओलं फोम, दोन तास लाकडी बाकावर बसून मी हे ऐकत होते. अर्जात त्याने लिहिलं, "कपडे खरेदीवरून झालेला वाद". मी म्हटलं वाद नाही, फसवणूक आहे. "तेच ते." एफआयआर नाही, रक्कम छोटी आहे, सायबरवाले बघतील. सायबरवाले म्हणतात तुमच्या पोलिस स्टेशनकडून आलं की बघू. दीड महिना झाला, हा त्याच्याकडे आणि तो ह्याच्याकडे, माझी फाईल म्हणजे संगीत खुर्ची झालीय. पेजला रिपोर्ट केलं त्याचं उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला पण फोन केला, त्यांनी नीट ऐकलं, पण विचारलं कंपनीचं नोंदणीचं नाव आणि पत्ता? ते माझ्याकडे कुठे होतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायलाच पाहिजे, ४८ तासांत पोच द्यायला पाहिजे. ज्याने दाखवलेलं नाही त्याच्याकडून हातरुमालही घेऊ नका.

हिशोब: ७,३९८ + १,२५० + २४,९९० + १९,९९९ = ५३,६३७.

आणि मग त्या हवालदाराने घरच्या लँडलाईनला फोन केला. मोबाईल नंबर अर्जावर असताना! सासूबाईंनी उचलला. "तुमच्या सुनेच्या चरबीच्या ऑपरेशनची केस, ते कपडे पुरावा म्हणून घेऊन या म्हणावं." मी क्लासवरून आले तर त्या शांत बसल्या होत्या. हर्नियाबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, कुठले कपडे? मी म्हटलं ते काळे, चकचकीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले. तर म्हणाल्या, ते होय, एक आहे तिथेच. दुसऱ्याचा पाय कापून मी फ्रीज पुसायला घेतला, पाणी काही टिपत नाही.