३१३३ क्रोनोग्राफ: सर्व्हिस झाली आणि पाठीवरचं मिग तिरकं झालं

सर्व्हिस करून घड्याळ हातात आलं. क्रोनोचा (घड्याळातल्या स्टॉपवॉचचा) काटा, जो शून्याच्या अलीकडेच थांबायचा, आता बरोबर शून्यावर येतोय. वेळही छान धरलीय. बिल सणसणीत. पण उलटं करून पाहिलं आणि डोकं फिरलं. मागच्या झाकणावर कोरलेलं मिग-२९ हे रशियन लढाऊ विमान आधी पट्ट्याच्या रेषेत, नाक वर करून सरळ होतं. आता एका लगकडे (पट्टा अडकवायच्या कानाकडे) नाक खुपसून तिरकं बसलंय.

नव्वदच्या दशकातलं रशियन पायलट घड्याळ. आत ३१३३ नावाचं मशीन, स्विस वाल्जू ७७३४ वरून काढलेलं, घर्षण कमी करणारे २३ खडे (ज्वेल), तासाला २१,६०० ठोक्यांची चाल. मी पैसे मोजले ते झाकणासाठी. आम्ही नाशिककर. ओझरला एचएएलचा विमान कारखाना असल्यामुळे सुखोई-३० डोक्यावरून जाताना लहानपणापासून नाही, पण गेली कित्येक वर्षं बघतोय. दोन इंजिनांच्या मधून मागे निघालेला लांब दांडा ही सुखोईची खूण. मिग-२९ला तो नसतो. स्वस्त घड्याळांवर या दोघांची खिचडी केलेली असते. इथे तसं नाही. लूप (घड्याळजीचं भिंग) लावून बघा: दोन उभ्या शेपट्या, त्यांच्यामध्ये दोन नोझल, मध्ये दांडा नाही. विमान उठावात आणि गुळगुळीत, भोवतालची जमीन खरखरीत. कोरणाऱ्याने विमान नीट बघून काम केलंय.

म्हणून दुकानात जाऊन भांडलो. घड्याळजी म्हणाले, "साहेब, झाकण आट्यांचं आहे. घट्ट होईल तिथेच थांबणार." त्यांनी जुना, चपटा झालेला गॅस्केट (झाकणाखालची रबरी रिंग) दाखवला. नवा जाड, म्हणून झाकण अलीकडेच थांबतं. जोर लावून विमान सरळ आणता येईल, पण गॅस्केट चिरडेल आणि पावसाळ्यात काचेत वाफ धरेल. हे पटलं. तिरकेपणाचा दोष आता मी त्यांना देत नाही. असं झाकण करून त्यावर दिशा असलेलं चित्र ज्यांनी कोरलं, त्यांना देतो. वोस्तोक या रशियन कंपनीच्या अँफिबिया घड्याळात हा प्रश्नच नाही. तिथे चकती खाचेत बसते आणि वरून वेगळी रिंग आवळतात, त्यामुळे चकती फिरतच नाही.

पण उजव्या पंखावरून गेलेला ओरखडा मात्र झाकण उघडायची चावी घसरल्याचाच आहे, आणि तो मला मान्य नाही. घड्याळ देण्याआधी काढलेला फोटो दाखवला तेव्हा कुठे बिलातून थोडे पैसे कमी झाले. झाकण स्टीलचं असल्यामुळे घामाने काही होत नाही. कडांत मळ साचतो, तो मऊ ब्रशने निघतो. केस पितळेची, तिचा क्रोम लगपाशी उडालाय, त्याचं मला फारसं काही नाही.

असं घड्याळ घेणार असाल तर विकणाऱ्याकडून झाकणाचा जवळून फोटो मागा. शेपट्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर कोणीतरी बफ मारलाय (पॉलिश करून घासलंय), भाव पाडून मागा. आणि सर्व्हिसला देताना झाकणावर टेप लावूनच द्या.