बिलावर ‘कॅनाबिनस’ होतं, मी ‘कॅनाबिस’ वाचलं

आधी आकडा सांगतो, ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. ८ लाख ९३ हजार ५०० रुपये. त्यातले ७ लाख ७७ हजार ५०० औषधी भांगेची योजना विकणाऱ्या लोकांच्या खात्यात थेट गेले. मांगराची (म्हणजे आगरातल्या कोठाराची) डागडुजी, वायरिंग, दीड टनाचा एसी आणि इन्व्हर्टर यात १ लाख ३४ हजार. मधे त्यांनी ‘पहिला परतावा’ म्हणून १८ हजार परत पाठवले होते, ते वजा केलेत. एवढं घालून मी भांग समजून एसीत बसवून वाढवलं काय, तर अंबाडी. भाजीची अंबाडी.

आणि मी बी.एस्सी. आहे. वनस्पतीशास्त्र घेऊन. १९९८ साली. हे मी पोलिसांनासुद्धा सांगितलं नव्हतं, इथे सांगतोय.

मी लोभी म्हणून फसलो असं बायकोच्या माहेरचे म्हणतात. त्यांना आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, माहीत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या २१२ पोफळी दुपारच्या तीन तासांत आडव्या झाल्या. माड ३१. नवी पोफळ लावली तर सुपारी हाताला लागायला सहा-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय? म्हणून २०२४ च्या गणपतीत मुंबईहून आलेला आतेभाऊ जेव्हा म्हणाला, “दादा, छपराखालचं पीक घे, वारा लागणार नाही, माकडं येणार नाहीत,” तेव्हा माझं डोकं तिथेच अडकलं. माकडांचा त्रास ज्याने भोगलाय त्याला कळेल.

नोव्हेंबरात चिपळूणला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार. फी २,५००, जेवणासकट. (सोलकढी पाणचट होती. तेव्हाच उठायला हवं होतं.) विषय, मातीविना औषधी भांग. पडद्यावर पांढऱ्या पाइपांतली हिरवीगार झाडं, जांभळे दिवे, मास्क लावलेल्या पोरी. सांगणारा माणूस चाळिशीचा, स्वच्छ मराठी बोलणारा. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसीच्या (नशा आणणारं द्रव्य) हेंपला, म्हणजे बिननशेच्या भांगेला, परवानगी दिली, खरं. त्याच वर्षी अमेरिकेत भांगेच्या झाडातल्या सीबीडी नावाच्या बिननशेच्या द्रव्यापासून केलेल्या मिरगीच्या औषधाला मान्यता मिळाली, खरं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ पासून हेंपचं बी आणि बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं, तेही खरं. मी रात्री घरी येऊन एकेक गोष्ट मोबाईलवर तपासली. सगळी बरोबर निघाली, तिथेच मी गळाला लागलो. पुढे जानेवारी २०२५ मध्ये हिमाचलच्या मंत्रिमंडळाने प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली, ती बातमी त्याने मला व्हॉट्सअॅपवर पाठवली, खाली लिहिलं, “सर, आपण दोन पावलं पुढे आहोत.”

बाकी योजना कशी असते ती तुम्हाला ठाऊक आहे. रोपं त्यांची, सामान त्यांचं, माल तेच उचलणार, दर आधीच लिहून देणार. सुकवलेल्या फुलाला किलोला ४० हजार.

इथे थांबतो, कारण इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती. ०.३ टक्केवालं हेंप हे उघड्या शेतातलं पीक आहे, धाग्यासाठी आणि बियांसाठी. त्याला एसी आणि एलईडी कोण लावेल? आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे नेमकं काय, तर त्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. म्हणजे माणूस एका तोंडाने ‘यात नशा नाही’ म्हणत होता आणि दुसऱ्या तोंडाने गांजाचाच भाव सांगत होता. हॉलमध्ये आम्ही साठेक जण होतो, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक. एकानेही विचारलं नाही. मी तर वहीत ४० हजार गुणिले १२ किलो असा गुणाकार करत होतो.

नोंदणी २१,०००. मग ‘परवाना शुल्क’ १ लाख अधिक जीएसटी, १,१८,०००. परवाना आला तो लॅमिनेट केलेला, वर उत्तराखंडचा हवाला. मी विचारलं होतं, खोटं नाही सांगत, की उत्तराखंडचा कागद दापोलीत कसा चालेल? तो हसून म्हणाला, “सर, तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स गोव्यात चालतं ना?” मला पटलं. आज लिहिताना कानशिलं तापतात, पण पटलं. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ८ नुसार हे झाड लावायलाच बंदी आहे. लागवडीची परवानगी कलम १० खाली राज्य सरकार देतं, धागा-बी-बागकामासाठी कलम १४ खाली सरकार देऊ शकतं. सेमिनारवाला देत नाही. कलम २० खाली शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे सगळं मी जूनमध्ये वाचलं. वाचायला अर्धा तास लागला.

सेटअप ४,६५,०००. त्यातले ३ लाख आधी, १,६५,००० नंतर. पाइप, पंप, खताचे ‘ए’ आणि ‘बी’ ड्रम, पाण्याचा सामू (पीएच) मोजायचं पेन. सामान चांगलं होतं, तेवढं म्हणतो. मांगरात गेलं की पाण्याचा बारीक खळखळ आवाज यायचा, मला रात्री झोप लागायची नाही, मी उठून ऐकायला जायचो. वीज गेली की इन्व्हर्टर येईपर्यंत जीव टांगणीला, कारण या पाइपांत मुळांपाशी ओल धरून ठेवायला मातीच नसते, पंप थांबला की मुळं सुकायला लागतात. महिन्याचं बिल १४,३८० आलं ते मी बायकोपासून लपवलं. तिच्या बांगड्या आधीच पतपेढीत होत्या, २ लाख ८० हजारांवर.

फेब्रुवारीत रोपं आली. २४० नग, नगाला ६५०, एकूण १,५६,०००. सोबत बिल. त्यावर टाइप केलेलं: ‘एच. कॅनाबिनस, २४० नग.’ मी वाचलं आणि मनात म्हटलं, एच म्हणजे हेंप, पुढे कॅनाबिस. भांगेचं शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा. हिबिस्कस कॅनाबिनस म्हणजे अंबाडी, जास्वंदीची बहीण. ‘कॅनाबिनस’चा अर्थच ‘भांगेसारखी’. पान तसं दिसतं म्हणून ते नाव. हे मला परीक्षेला होतं! भामट्याने खरं नाव लिहून माझ्या हातात दिलं आणि मी त्याच्यावर सही करून पोच दिली.

पहिली पानं गोलसर, मग तीन बोटांची, मग पाच. खोडावर बारीक काटे, फांद्या बांधताना बोटांना टोचायचे. पानं खोडावर एकाआड एक. भांगेचं पान म्हणजे सुटी सुटी पर्णिका, देठापर्यंत वेगळी. इथे एकच पान, खोलवर चिरलेलं. सगळं डोळ्यासमोर होतं. त्यांचा माणूस शेंडे खुडून गेला, जाळी ताणून फांद्या आडव्या कशा बांधायच्या ते दाखवून गेला. याला ते ‘ट्रेनिंग’ म्हणतात, झाडाला वळण लावायचं. त्याचे तीन दिवसांचे वेगळे १५,०००. अंबाडीला सरळ वर जायचं असतं, ती दुसऱ्या दिवशी जाळीतून मान वर काढायची. मी फोन केला तर म्हणाला, “सर, जोमदार जात आहे.” मी साल सोलून पाहिली, लांब वाख निघाला. हेंपला धागा असतो म्हणून मी खूश. घाटावर बैलांचे कासरे कशाचे वळतात, ते विसरलो.

आता आईचं सांगतो. आई ८१ वर्षांची. मार्चमध्ये उकाडा वाढला तशी मांगरात थंड हवा खायला येऊन बसायची. एके दुपारी तिने पान खुडलं, तोंडात टाकलं, चघळलं आणि म्हणाली, “बाबू, ही तर अंबाडी रे. कण्या घालून भाजी करूया?” मी तिच्यावर खेकसलो. “आई, हात लावू नकोस, एकेक रोप साडेसहाशेचं आहे!” ती गप्प बसली. पण जाताना दोन पानं पदराला बांधून घेऊन गेली, ते मी पाहिलं. तेव्हा मी एक पान चावून बघितलं असतं तरी आंबट लागलं असतं. त्यानंतर मी वळणाचे १५,००० आणि सेटअपचे राहिलेले १,६५,००० भरले. म्हणजे आईचं ऐकलं असतं तर एक लाख ८० हजार वाचले असते.

एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे अठरा तासांचा उजेड बारावर आणला, की फुलोरा धरेल. फुलोरा धरला, कारण अंबाडीही लहान दिवसावरच फुलते. ९ मेच्या सकाळी दार उघडलं तर पिवळसर, मधे गडद लाल डोळा असलेलं, भेंडीच्या फुलासारखं फूल. दुपारपर्यंत मिटलं. मी खाली बसलो. फोन केला तर तो म्हणतो, “निर्यातीचं ना-हरकत पत्र निघालंय, ७२,००० भरा, मग माल उचलतो.” तेवढे मात्र भरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पोलिसांत गेलो. पहिला प्रश्न, “म्हणजे तुम्ही गांजा लावणार होतात?” मी म्हटलं, परवाना होता. “खोटा होता ना? मग खरा गांजा असता तर आरोपी तुम्ही.” मी म्हटलं, पण तो गांजा नाही, अंबाडी आहे. “मग गुन्हा काय झाला? बिलावर अंबाडी, माल अंबाडी. दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” गांजा असता तर मी आत, अंबाडी निघाली तर तो बाहेर! मी चारशेवीस म्हणालो तर कारकून म्हणाला, “चारशेवीस गेलं, आता ३१८.” नवा कायदा शिकवायला वेळ आहे, तक्रार लिहायला नाही. चार वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा सर्व्हर बंद, एकदा “सेमिनार चिपळूणला झाला, तिकडे द्या.” चिपळूणला म्हणाले, पैसे कुठून पाठवले? तिकडे द्या. चौथ्यांदा एक हवालदार मांगरात आला, दोन झाडं उपटून पंचनाम्यात ‘अंबाडीसदृश वनस्पती’ लिहून घेऊन गेला. बँक म्हणते, तुम्ही स्वतः पाठवलेत. शेतीखात्याचा माणूस म्हणाला, हे पीक आमच्या यादीत नाही, आणि अंबाडी असेल तर पाइपात कशाला लावलीत? हसला. ग्राहक आयोगाचं विचारलं तर एक वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंत म्हणून अडवतील, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबत होतात हे दाखवता आलं तर जमेल. त्या एका वाक्याचे १,५००, पण निदान वाक्य तरी मिळालं.

आणि हो, पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांतच. मी शेवटच्या हप्त्यानंतर अडीच महिन्यांनी केला, तोवर खाती रिकामी. बोर्डावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे का बघा. माझ्या बाबतीत बोर्डावर ‘बायोटेक’ आणि खातं कुणा ट्रेडर्सचं. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते, पोच जपून ठेवा. ही गोष्ट मला कुणीही आपणहून सांगितली नाही. आणि सामान्य माणसाला एसीत पीक घ्यायला सांगणारा कुणीही दिसला, भांग असो की केशर, तर आधी त्याचा स्वतःचा तीन वर्षांचा विक्रीचा हिशेब मागा. सेमिनारचा नव्हे, विक्रीचा.

पाइप विकायला काढलेत, ३८ हजारांच्या वर कुणी बोलत नाही. आतेभाऊ फोन घेत नाही. त्याचेही दोन लाख बुडालेत असं आत्या म्हणते, मला अजून खरं वाटत नाही.

गुहागरच्या एका गृहस्थांचा परवा निरोप आला, त्यांच्याकडेही तेच बिल आहे, १८० नग. येत्या सोमवारी आम्ही दोघं रत्नागिरीला अधीक्षकांकडे जातोय. ज्यांच्या बिलावर ‘एच. कॅनाबिनस’ लिहिलंय त्यांनी मूळ बिल आणि पासबुक घेऊन यावं, झेरॉक्स नको. एकट्यादुकट्याला परत पाठवतात, सातआठ जण असलो तर निदान बसायला तरी सांगतील.